‘तिला’ की ‘तिचं’ : शहाणपण मोजणाऱ्या एका प्रश्नाचं प्रकरण

प्रश्न एवढाच आहे. एका १५ वर्षांच्या मुलीला ताबडतोब लग्न करायचंय, तर तिने काय काय विचारात घ्यावं आणि काय करावं?

माणसाचं शहाणपण मोजता येतं का, यावर मानसशास्त्रात जे काम झालंय त्यातला हा बहुतेक सगळ्यात गाजलेला प्रश्न. बर्लिनच्या माक्स प्लांक इन्स्टिट्यूटमध्ये पॉल बाल्टेस, उर्सुला स्टाउडिंगर, जॅकी स्मिथ वगैरे लोकांनी १९८० च्या दशकात हे सुरू केलं, तोवर शहाणपण हा तत्त्वज्ञानाचा आणि धर्माचा विषय, त्याला आकडा लावायचा म्हणजे काय असंच बहुतेकांना वाटायचं. मी एमएला असताना हे पहिल्यांदा वाचलं आणि तेव्हापासून हा एक प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही. कारण बर्लिनच्या खोलीत बसून तो ऐकणाऱ्या माणसाला ती मुलगी काल्पनिक आहे, तिथे तेव्हा कोर्टाच्या परवानगीनेसुद्धा १६ च्या आत लग्न होत नव्हतं. माझं आजोळ-माहेर सगळं बीड जिल्ह्यातलं. आमच्याकडे ती मुलगी शेजारच्या गल्लीत राहते.

गेल्या दिवाळीत मी हा प्रश्न माझ्या आत्याला विचारला, मोबाईलवर रेकॉर्ड केला, आणि मग मी आणि माझ्या एका वर्गमैत्रिणीने बर्लिनचे निकष घेऊन तिचं उत्तर तपासलं. हे काही संशोधन नाही, एका माणसाचं एक उत्तर आहे फक्त. पण त्यातून जे निघालं ते मला पाठ्यपुस्तकातून कधी दिसलं नव्हतं म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. आत्याला विचारूनच लिहितेय, गावाचं नाव नको म्हणाली, ते टाकत नाही.

आधी बर्लिनवाले मोजतात कसं ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. माणसाला मनात येईल ते मोठ्याने बोलत बोलत विचार करायला सांगतात, आधी थोडा सराव करून घेतात, मग प्रश्न देतात आणि गप्प बसतात. बोललेलं सगळं कागदावर उतरवतात आणि रेटर ते वाचून १ ते ७ मध्ये मार्क देतात. निकष पाच. जगण्याबद्दलची माहिती किती आहे, काय कसं करायचं याची जाण किती आहे, माणसाच्या अख्ख्या आयुष्याचा आणि काळाचा संदर्भ धरलाय का, दुसऱ्याची मूल्यं वेगळी असू शकतात हे ओळखलंय का, आणि सगळं आपल्याला कळणार नाही ही अनिश्चितता मानून तिच्यासकट वाट काढलीय का. पाचही मिळून सरासरी ५ च्या वर गेली तर ते उत्तर शहाणपणाच्या पातळीचं धरतात, आणि तिथपर्यंत फार म्हणजे फारच थोडे पोचतात. आणखी एक काळजी ते घेतात जी आम्ही घेतली नाही, एका रेटरला एकाच निकषाचं ट्रेनिंग देतात आणि प्रत्येक निकषाला दोन रेटर लावतात, म्हणजे एका बाबतीत उत्तर आवडलं म्हणून बाकीच्या चार ठिकाणीही हात सैल सुटला असं होऊ नये.

या प्रश्नाचं कमी मार्कांचं उत्तर कसं असतं याचा नमुना त्यांनीच छापलाय, थोडक्यात असा की पंधराव्या वर्षी लग्न? छे, साफ चूक, तिला सांगायचं की हे शक्य नाही, विषय संपला. आणि जास्त मार्कांच्या उत्तरात माणूस म्हणतो की वरवर हा प्रश्न सोपा वाटतो, साधारणपणे एवढ्या लहान वयात लग्न चांगलं नाहीच, पण कधी कधी परिस्थिती वेगळी असते, मुलीला असाध्य आजार असेल, नुकतेच आईवडील गेले असतील, किंवा ती वेगळ्या संस्कृतीतली, वेगळ्या काळातली असेल.

वेगळ्या संस्कृतीतली म्हणजे आमच्यातलीच की. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळजवळ २२ टक्के जणींचं लग्न १८ च्या आत झालेलं होतं. त्यामुळे बर्लिनमध्ये जो मुद्दा मनाचा मोठेपणा म्हणून मार्क मिळवून देतो तोच मुद्दा बीडमध्ये मुलीचा काका लग्नाच्या बैठकीत मांडत असतो, परिस्थिती वेगळी असते ताई, तुम्हाला शहरात बसून काय कळणार.

आता आत्या. वय ६१, पंचवीसच्या वर वर्षं अंगणवाडी सेविका होती, शिक्षण दहावी, तेसुद्धा लग्नानंतर बाहेरून परीक्षा देऊन. स्वतःचं लग्न पंधराव्या वर्षी. दिवाळीचे दिवस, ऊसतोडीच्या टोळ्या निघायची गडबड, रस्त्यावर ट्रॅक्टर भरताना दिसत होते. आम्ही मागच्या पडवीत बसलो होतो. मी प्रश्न जसाच्या तसा वाचला आणि गप्प बसले. तिचं उत्तर जरा कमी करून देतेय, शब्द तिचेच.

“पंधराची? आन तिला करायचंय का तिचं करायचंय? … बरं, तू म्हणतीस तिला. मग मी आदी बघीन आईबाप कुठंयत. कारखान्याला गेले आसतील तर पोरगी आजीपशी नाईतर चुलत्यापशी, पाच-सहा महिने. घरात कोण कोण हाय, दाराला कडी हाय का, संडास कुठं हाय. पोरगी आपणहून लग्न म्हणती म्हंजे ती कशापसून तरी पळती. नाईतर पोरगा आसंल कुणीतरी, मोबाईलवरचा. दोन्हीचं औषीद येगळं. आता लग्न नाई म्हंजे नाई, त्याच्यावर बोलायचंच नाई. पण तसं तोंडावर सांगून उठून आलं की रातोरात दुसऱ्या गावाला नेऊन लावून टाकतेत. म्हणून मी जाते, चा घेते, आईला बाजूला घेते. हंगामी वसतिगृह चालू झालंय का ते सांगते. ग्रामसेवकाला कळवते, पण माझं नाव घेऊ नका म्हणते, कारण उद्या त्याच गल्लीत मला आहार वाटायचाय, ती बाई लेकराला धाडायची बंद झाली तर लेकराचं वजन कोण करणार. आन येवढं करूनबी व्हतंच कधी कधी लग्न. मग पोरीला येवढंच सांगते की दोन-तीन वरीस दिवस राहू देऊ नको. त्याच्यापुढं माझ्या हातात काय नाई.”

साडेसहा मिनिटं बोलली. मध्ये एकदा उठून दूध उतरवून आली.

मैत्रिणीने दिलेले मार्क, निकषांच्या क्रमाने : ५, ६, ३, २, ४. सरासरी ४. मी दिलेले : ६, ६, ६, ५, ५. सरासरी ५.६. म्हणजे तिच्या मते आत्या शहाणपणाच्या रेषेच्या चांगलीच खाली आणि माझ्या मते वर, माणूस तोच, कागद तोच. अर्थात आत्या माझी आहे, मैत्रीण तिला कधी भेटलेली नाही, आणि मला पाचही ठिकाणी तिचा आवाज ऐकू येत होता, बर्लिनवाले ज्याला टाळायला एवढी यंत्रणा उभी करतात तेच माझं झालं हे मला मान्य आहे. पण सगळा फरक तेवढ्यावर ढकलता येत नाही.

तिसऱ्या निकषावर मैत्रिणीचं म्हणणं होतं की आत्या फक्त आपल्या गावाबद्दल बोलली, दुसरा काळ दुसरा समाज तिने कल्पनेत आणलाच नाही, म्हणून ३. मला वाटतं की संदर्भ धरायचा म्हणजे आणखी काय करायचं असतं? आईबाप कारखान्याला गेलेत का हा एक प्रश्न विचारला की अख्खं अर्थशास्त्र उघडतं, नवराबायको मिळून एक कोयता धरतात, मुकादम उचल म्हणजे आगाऊ पैसे देतो ते कोयत्यावर, पोरीला एकटी मागे ठेवायची भीती असते आणि लग्न लावून दिलं की एक नवा कोयताही तयार होतो. आत्याने हे स्पष्ट करून सांगितलं नाही कारण तिच्यासमोर मी बसले होते, मला ते माहीत आहे हे तिला माहीत होतं. कागदावर मात्र ते उतरलंच नाही. ऐकणाऱ्याला जे ठाऊक आहे ते पुन्हा न बोलणं ही आपल्याकडची साधी रीत आहे आणि या टेस्टमध्ये त्याला मार्क नाहीत, उलट जो माणूस परक्या खोलीत परक्या माणसासमोर सगळं फोड करून बोलतो त्याचं पारडं आपोआप जड होतं. बर्लिनच्या अभ्यासांत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मंडळींना इतर शिकलेल्या लोकांपेक्षा जास्त मार्क पडले होते. ती खरंच जास्त शहाणी असतील, पण अशा प्रश्नावर तासन्‌तास बोलणं हा त्यांचा रोजचा धंदाही आहे.

चौथ्या निकषावर, म्हणजे ‘मूल्यांची सापेक्षता’वर, आमचं खरं भांडण झालं, फोनवर तास-दीड तास. लग्न नाई म्हंजे नाई, हे वाक्य मैत्रिणीने कमी मार्कांच्या नमुन्याशी जुळवलं आणि २ दिले. मी परत मूळ लेखन काढून बघितलं. बाल्टेस आणि स्टाउडिंगर यांनी तिथे स्वच्छ लिहिलंय की मूल्यांची सापेक्षता म्हणजे सगळंच चालतं असं नाही, सगळ्यांचं भलं आणि सद्गुण यांची काळजी शहाणपणात धरलेलीच आहे. आत्या त्या आईची मूल्यं ओळखून आहे म्हणूनच तर ती आधी चहा घेते. तिने आईला एकदाही वाईट म्हटलेलं नाही. ठाम असणं आणि दुसऱ्याचं मन न ओळखणं या दोन गोष्टी मैत्रिणीच्या हातून एक झाल्या, आणि मला शंका आहे की ट्रेनिंग थोडं कमी पडलं तर कुणाच्याही हातून होतील, कारण निकषाचं नावच तसं आहे. आमच्या भांडणानंतर तिने ४ केले. चारच्या वर जायला तयार नाही, आणि तिचा एक मुद्दा मला खोडता आलेला नाही, की आत्याने मुलीचं स्वतःचं म्हणणं काय आहे हे कुठेच विचारलं नाही. आईला बाजूला घेतलं, ग्रामसेवकाला कळवलं, मुलीशी बोलली ती सगळ्यात शेवटी, लग्न झाल्यावर.

इथे मला तिचं पहिलं वाक्य परत ऐकावंसं वाटलं. तिला करायचंय का तिचं करायचंय?

मूळ प्रश्नात मुलीला लग्न हवंय. तो प्रश्न मराठीत नीट आणला तर ‘तिला लग्न करायचंय’ असाच होतो, मी तसाच वाचला होता. पण आत्याच्या कानाला ‘ला’ खटकला, तिच्या अख्ख्या नोकरीत हे वाक्य तिने नेहमी ‘चं’ लावूनच ऐकलेलं. ‘तिला’ म्हटलं तर प्रश्न एका पोरीच्या इच्छेचा, तिच्याशी बोलायचा. ‘तिचं’ म्हटलं तर प्रश्न घराचा, भावकीचा, कायद्याचा, मुलगी त्यात कुठे उभी आहे हेच दिसत नाही. आत्याने पाव मिनिट ‘तिला’ धरून विचार केला, पोरगी कशापसून तरी पळती हे त्यातच म्हणाली, आणि मला ते अख्ख्या रेकॉर्डिंगमधलं सगळ्यात खोल वाक्य वाटतं, आणि मग नकळत ‘तिचं’कडे वळली आणि उरलेलं सगळं उत्तर त्या दुसऱ्या प्रश्नाचं दिलं. म्हणजे मैत्रीण एका प्रश्नाचं उत्तर तपासत होती आणि मी दुसऱ्या. टेस्टचं भाषांतर शब्दाला शब्द बरोबर होतं तरी मोजलं ते वेगळंच.

हा ‘ला’ आणि ‘चं’ आपल्याकडे नवा नाही. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी लावलं होतं, नवऱ्याने १८८४ मध्ये त्या नांदायला याव्यात म्हणून मुंबईत कोर्टात दावा लावला, आणि त्यांच्या बाजूने मुख्य म्हणणं हेच होतं की मला कळायच्या आत, माझ्या संमतीशिवाय लावलेलं लग्न मी माझं का मानू. १८८७ मध्ये नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंग असा निकाल आला तेव्हा त्या तुरुंगाला तयार झाल्या. पुढे १८८८ मध्ये तडजोड झाली आणि त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. बर्लिनच्या उत्तरातला तो ‘वेगळा काळ’ म्हणतात तो आपल्याकडे असा नावागावानिशी आहे.

आणि शब्दच बघा ना. आमच्याकडे मुलीला पहिली पाळी आली की ती शहाणी झाली असं म्हणतात. पोरगी शहाणी झाली की लग्नाचं बघायला लागतात. मी आत्याला सांगितलं की ही शहाणपणाची टेस्ट आहे तर ती क्षणभर बघतच राहिली, मला वाटतं तिच्या मनात आधी तोच अर्थ आला.

दुसरी पद्धत म्हणजे प्रश्नावली, तीही तिच्याकडून थोडी भरून बघितली. फ्लोरिडातल्या मोनिका आर्डेल्ट यांनी बर्लिनच्या पद्धतीवर टीका केली की तुम्ही शहाणपणाबद्दलची माहिती मोजताय, शहाणा माणूस मोजत नाही, आणि २००३ मध्ये त्यांनी ३९ वाक्यांची स्वतःची प्रश्नावली आणली, विचार, आत्मपरीक्षण आणि करुणा अशा तीन बाजू धरून. नंतर २०१७ मध्ये सॅन दिएगोहून २४ वाक्यांची एक आली, त्यामागे डॉ. दिलीप जेस्ते आहेत, पुण्यात एमबीबीएस, मुंबईत मानसोपचार शिकून अमेरिकेत गेलेले, पुढे तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षही झाले, आणि गीतेतलं शहाणपण आणि आजच्या शास्त्रातलं शहाणपण यांची तुलना करणारा एक लेखही त्यांनी २००८ मध्ये लिहिलाय. त्यांच्या यादीत भावनांवर ताबा, दुसऱ्यासाठी काही करणं, वेगळ्या मतांना जागा देणं यांच्याबरोबर निर्णय घेता येणं आणि लोकांना सल्ला देता येणं हेही आहे. यातला निर्णयाचा मुद्दा मला फार पटतो, बर्लिनमध्ये तो थेट कुठेच नाही. पण प्रश्नावलीत माणूस स्वतःच स्वतःला मार्क देतो. लोक माझ्याकडे सल्ला मागायला येतात, अशा अर्थाचं वाक्य मी वाचलं तर आत्या म्हणाली, आपण आपल्या तोंडानं कसं सांगावं, मधलं काहीतरी लिही. गावातल्या अर्ध्या बायका तिच्या ओट्यावर बसलेल्या असतात. पुढचं मी विचारलं नाही.

तिसरी पद्धत कॅनडातल्या इगॉर ग्रॉसमन यांची. ते म्हणतात काल्पनिक मुलगी सोडा, तुमच्या स्वतःच्या आयुष्यात जे खरंच घडलं ते आठवा आणि त्यावर विचार कसा करता ते आम्ही बघतो. २०१४ मध्ये त्यांनी आणि इथन क्रॉस यांनी दाखवलं की जोडीदाराने आपल्याला फसवलं अशी कल्पना केली तर माणसं जेवढा शहाणा विचार करतात त्यापेक्षा मित्राला फसवलं असं म्हटलं तर जास्त शहाणा करतात, आणि स्वतःकडेच जरा लांबून, दुसऱ्याकडे बघावं तसं बघायला लावलं तर हा फरक जातो.

हे मी आत्याला सहज सांगितलं, रेकॉर्डिंग बंद होतं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आपल्या ताईचं सतराव्याला केलं की मी.”

ताई म्हणजे माझी आतेबहीण. मला माहीत होतं तिचं लग्न लवकर झालं, पण कायद्याने ठरवलेल्या वयाच्या आत झालं हे मी कधी मोजलंच नव्हतं, आणि मुख्य म्हणजे तेव्हा आत्या अंगणवाडीत होती, दुसऱ्यांच्या पोरींसाठी चहा घेत फिरत होती. आतोबा आजारी होते, दवाखान्यात, आत्या तीन रात्री झोपलेली नव्हती, दिराने स्थळ आणलं, म्हणाला भाऊ आहे तोवर होऊन जाऊ दे. “मी हो म्हणले. कुणाला इचारायचं व्हतं? ज्याला इचारायचं तो सलाईनवर.”

आता हिला किती मार्क द्यायचे? काल्पनिक मुलीच्या उत्तराला मी ५.६ दिलेत. ताईच्या वेळचा जो निर्णय आहे त्यात निकष लावायला उत्तरच नाही, एक ‘हो’ आहे फक्त. मानसशास्त्रात एखाद्या गुणाला स्थायी म्हणायचं तर तो माणसाबरोबर वेगवेगळ्या प्रसंगांत टिकला पाहिजे. ग्रॉसमन यांच्या २०१६ च्या अभ्यासात लोकांनी रोजच्या अडचणी डायरीसारख्या नोंदवल्या, तर एकाच माणसाचा विचार एका दिवशी शहाणा आणि दुसऱ्या दिवशी नाही असं बरंच हललं, आणि माणूस एकटा असण्यापेक्षा मित्रांबरोबर असताना तो जास्त शहाणा होता. आणि बर्लिनवाल्यांचाच १९९६ चा एक प्रयोग आहे जो मला त्यांच्या सगळ्या कामात सगळ्यात मोलाचा वाटतो. माणसाला प्रश्न देऊन आधी जवळच्या माणसाशी बोलू दिलं आणि मग थोडा वेळ एकटं विचार करू दिला, तर मार्क जवळजवळ एक स्टँडर्ड डेव्हिएशनने वाढले, म्हणजे एरवी माणसामाणसांच्या मार्कांत साधारण जेवढा फरक असतो जवळजवळ तेवढ्याने. नुसतं मनातल्या मनात कुणा आपल्या माणसाशी बोला असं सांगितलं तरी तेवढाच फायदा झाला. आत्याला त्या तीन रात्रींत यातलं काहीच मिळालं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्या टेस्टमध्येही मी तिला एकटीलाच बसवलं, वर स्वतः तोंड बंद करून, कारण पद्धत तशी आहे. पुढच्या वेळी मी तसं करणार नाही. प्रश्न आधी देईन, दोन दिवस ठेवीन, कुणाशी बोलायचं त्याच्याशी बोल म्हणेन आणि मग रेकॉर्ड करीन, आणि प्रश्न दोन वेगळे विचारीन, एक ‘तिला’चा आणि एक ‘तिचं’चा.

भाऊबीजेला ताई आली. तिला रेकॉर्डिंग ऐकवायचं का हे मी आत्याला विचारलं, ती म्हणाली ऐकव. ताईने कानाला लावून पडवीतच उभ्याने सगळं ऐकलं, शेवटच्या वाक्याला मागे नेऊन परत ऐकलं. तिची मुलगी आता नववीत आहे, अंगणात रांगोळीत रंग भरत होती. ताई म्हणाली, मलाही विचार की हा प्रश्न. मी म्हटलं कुठला, तिला की तिचं? ती म्हणाली पहिलावाला, तो मला कुणी विचारलाच नव्हता.

आत्या तिथेच बसून होती, उठली नाही. ताई बावीस मिनिटं बोलली. ते आम्ही अजून तपासलेलं नाही.